काब्राल आणि त्यांची नातवंडं

स्वातंत्र्यलढ्यातल्या नेत्यांचं स्मरण आता पुतळे आणि रस्त्यांच्या पाट्यांपुरतंच उरलंय, असं अनेकदा म्हटलं जातं. मला नाही पटत. पश्चिम आफ्रिकेजवळच्या, एकेकाळी पोर्तुगीज वसाहत असलेल्या केप व्हर्दे या बेटांच्या देशाचंच बघा.

तिथल्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते अमिल्कार काब्राल मुळात शेतीतज्ज्ञ. १९४० च्या दशकात, त्यांच्या ऐन तारुण्यात, या बेटांवर दुष्काळाने हजारो माणसं उपासमारीने मेली आणि पोर्तुगीज सरकार ढिम्म राहिलं. जगायचं तर बोट पकडून परदेशी जायचं, हेच पिढ्यान्‌पिढ्या चाललं. काब्रालांची २० जानेवारी १९७३ ला गिनीची राजधानी कोनाक्रीत हत्या झाली. ५ जुलै १९७५ चं स्वातंत्र्य त्यांना बघायला मिळालं नाही.

आणि स्वातंत्र्याच्या पन्नासाव्या वर्षी, १३ ऑक्टोबर २०२५ ला, राजधानी प्रायाच्या मैदानात आफ्रिकेतल्याच एस्वातिनीला ३-० ने हरवून जेमतेम पाच लाख वस्तीचा हा देश पहिल्यांदाच फुटबॉल विश्वचषकाला पात्र ठरला! संघात कितीतरी पोरं परदेशात जन्मलेली. बचावपटू रोबेर्तो लोपेस डब्लिनचा. प्रशिक्षकाने त्याला लिंक्डइनवर पोर्तुगीजमध्ये निरोप धाडला, तो त्याने फालतू मेसेज समजून सोडून दिला. काही महिन्यांनी पुन्हा विचारणा आली तेव्हा कुठे त्याला कळलं, वडिलांचा देश बोलावतोय.

पोटासाठी बाहेर पडलेल्यांची मुलं देशाचा शर्ट घालायला परत येतात, याहून मोठं स्मारक मला तरी सुचत नाही. गोव्याच्या मंडळींना तर हे जवळचं वाटावं: एप्रिल १९६१ मध्ये मोरोक्कोच्या कासाब्लांकात पोर्तुगीज वसाहतींतल्या संघटना एकत्र आल्या, तेव्हा काब्रालांच्या पक्षासोबत गोव्याचे प्रतिनिधीही होते.