क्विंटस आणि पॉलिकार्प

'सुरुवातीचे ख्रिस्ती मरणासाठी उतावीळच असत' असं एक मत ऐकू येतं, ते मला अर्धंच पटतं. तसे लोक होते, पण त्यांच्याच मंडळींना ते पसंत नव्हतं. दुसऱ्या शतकात स्मर्ना (आजचं तुर्कस्तानातलं इझमिर) इथे रोमन सत्तेने बिशप पॉलिकार्पला श्रद्धा सोडत नाही म्हणून मारलं, त्याची हकिकत तिथल्या चर्चने पत्रातून कळवली आहे. त्यात क्विंटस नावाचा एकजण मरणाच्या शिक्षेसाठी आपणहून पुढे होतो, इतरांनाही भरीस घालतो आणि अंगावर सोडायची श्वापदं दिसताच गळाठून जातो. शपथ घेऊन रोमन देवांना अर्पणही करतो. स्वतःहून पुढे होणाऱ्यांची आम्ही स्तुती करत नाही, असं पत्रात स्पष्ट म्हटलंय.

पॉलिकार्प आधी शहराबाहेर शेतावर जाऊन राहिला. धरायला आलेल्या शिपायांना त्याने जेवूखाऊ घातलं आणि प्रार्थनेसाठी तासभर मागून घेतला. खरं धैर्य मला या म्हाताऱ्यात दिसतं.