‘भरपाई तार’ : कॉम्पेन्सेटिंग केबलला हा शब्द चालेल का?

प्रश्न : भट्टीच्या देखभालीची मराठी पुस्तिका लिहिताना थर्मोकपल (दोन वेगळ्या धातूंच्या तारा जोडून केलेला तापमापक) आणि त्यावरून भट्टीचे तापमान राखणारा कंट्रोलर यांच्यामधल्या कॉम्पेन्सेटिंग केबलसाठी मी ‘भरपाई तार’ असा शब्द योजला आहे. तो योग्य आहे का?

उत्तर : शब्द सुटसुटीत आहे, पण चकवणारा आहे, कारण ही तार कसलीच भरपाई करत नाही. भरपाई करतो तो कंट्रोलर. तो आपल्या टर्मिनलचे तापमान मोजून तेवढी भर घालतो. थर्मोकपलच्या हेडपासून, म्हणजे जिथे ही तार त्याला जोडतात तिथून, त्या टर्मिनलपर्यंत तापमानात जो फरक असेल, त्याला साजेसा विद्युतदाब निर्माण करणे एवढेच तारेचे काम. तिथे साधी तांब्याची तार ओढली आणि हेड ६० अंशांवर व कंट्रोलरचे पॅनेल ३५ अंशांवर असले, तर भट्टी सुमारे २५ अंशांनी थंड दिसते.

शिवाय एका नावाखाली दोन वस्तू दडतात. ‘के’ प्रकारच्या थर्मोकपलची एक्स्टेन्शन केबल थर्मोकपलसारखीच क्रोमेल-अल्युमेल या निकेलच्या मिश्रधातूंची असते. तिला मी ‘सजातीय तार’ म्हणेन. कॉम्पेन्सेटिंग केबलचे मिश्रधातू वेगळे आणि स्वस्त असतात व ठरावीक तापमानापर्यंतच, साधारण १०० ते १५० अंशांपर्यंत, तेवढाच दाब देतात. तिला ‘समतुल्य तार’ शोभेल. प्लॅटिनमच्या थर्मोकपलला प्लॅटिनमची तार पॅनेलपर्यंत ओढणे कोणाला परवडणार?

हरकत : शॉपफ्लोअरवर दोन्हींना ‘कॉम्पेन्सेटिंग’च म्हणतात. नवे शब्द वापरणार कोण?

उत्तर : बोलताना खुशाल तेच म्हणावे. खरेदीच्या मागणीपत्रात मात्र भेद हवाच, कारण दुकानदार ‘कॉम्पेन्सेटिंग’ या शब्दावर त्यातली स्वस्त तार देऊन मोकळा होतो आणि ती तापलेल्या हेडवर जाऊन बसते.

‘लाल तार’ हा शब्दही पुस्तिकेत मोघम ठेवू नये. बॅटरीच्या सवयीने आपण लाल म्हणजे धन समजतो, पण अमेरिकी पद्धतीत थर्मोकपलची लाल तार ऋण असते. ‘के’ची धन तार तिथे पिवळी, तर आंतरराष्ट्रीय मानकात धन हिरवी आणि ऋण पांढरी. मी स्वतः एकदा दोन्ही टोकांना तारा उलट्या जोडल्या होत्या. भट्टी तापली की आकडा वर चढत होता, म्हणून संशय आला नाही. पण अशा जोडणीत चूक दुप्पट होते, म्हणजे वरच्या उदाहरणात ५० अंश. ‘के’च्या सजातीय तारेत लोहचुंबकाला चिकटते ती अल्युमेलची, म्हणजे ऋण तार. समतुल्य तारेत ही खूण धरू नये. लोखंड आणि कॉन्स्टंटन (तांबे-निकेलचा मिश्रधातू) यांच्या जोडीत चिकटणारी तार धन असते.