लायनफिश मारायला डायव्हर उतरवून उपयोग आहे का?

पंचगंगाकाठ (धागाकर्ता):
रंकाळ्यातली जलपर्णी काढायला जाणाऱ्या आमच्या मंडळींत हा विषय निघाला आणि वाद मिटेना, म्हणून इथे टाकतोय.

लायनफिश मूळचा आपल्याकडचा, म्हणजे हिंदी आणि प्रशांत महासागरातला. १९८५ मध्ये तो फ्लोरिडाच्या समुद्रात सापडला, बहुधा कुणीतरी घरच्या टाकीतून सोडलेला. २००४ मध्ये बहामाज आणि मग बघता बघता सगळं कॅरिबियन. मादी वर्षाला वीस लाखांपर्यंत अंडी घालते. तिकडच्या माशांना हा शिकारी ओळखूच येत नाही, त्यामुळे ते पळतही नाहीत. बहामाजमधल्या २००८ च्या अभ्यासात, लायनफिश असलेल्या प्रवाळाच्या ठिकाणी पाच आठवड्यांत नव्या पिल्लांची भर ७९ टक्क्यांनी घटली. त्यात शेवाळ खाणाऱ्या पोपटमाशांची पिल्लंही जातात, आणि शेवाळ माजलं की प्रवाळ गुदमरतं.

गळाला हा मासा सहसा लागत नाही. म्हणून डायव्हर भाला घेऊन उतरतात. माझ्या मते हे काम व्हायलाच हवं, आणि हौशी लोकांनीही, तिकडे भरतात तशा शिकारीच्या स्पर्धांमधून, त्यात उतरावं.

चिलापी_पुरे:
तळमळ कळते, पण हिशेब जमत नाही. हौशी डायव्हर फार तर ४० मीटर खाली जाणार. हा मासा ३०० मीटरवरही सापडलाय. वरचे मारले तरी खालचे अंडी घालतच राहणार, आणि पिल्लं प्रवाहाबरोबर कुठल्या कुठे जाणार.

आणि 'खाऊन संपवा' म्हणणाऱ्यांनी चिलापीकडे बघावं. १९५२ मध्ये देशात आणली. तेव्हापासून आपण रश्श्यात घालतोय, उजनीतून ढिगानं निघते. कमी झाली का? उलट तिच्यावर कितीतरी घरं चालतात. आता ती संपावी असं कुणाला वाटेल? लायनफिशचा बाजार उभा केला की तिकडंही हेच होणार.

ऊसकरी_शिरोळ:
भावा, भांगलण केली की तण कायमचं जातं म्हणून कोण भांगलतंय का? ऊस वर निघून सावली धरेपर्यंत रान स्वच्छ ठेवायचं, एवढंच. पुढचं ऊस बघतो.

बहामाजमध्येच एल्युथेरा बेटाजवळ २४ ठिकाणी हे करून बघितलंय, २०१४ ला प्रसिद्ध झालं. जिथं लायनफिश ठरावीक मर्यादेखाली दाबून ठेवले, तिथं लहान देशी मासे दीड वर्षात ५० ते ७० टक्क्यांनी वाढले. सगळे मारावे लागले नाहीत. खोलवरचे राहूदेत की. पिल्लं वाढतात ती उथळ प्रवाळं सांभाळली तरी लई झालं.

सागरवाट:
मी तारकर्लीला डायव्हिंग शिकलेय, म्हणून प्रत्यक्ष कामाबद्दल लिहिते. रबराचा फास असलेला आखूड भाला, आणि कमरेला जाड प्लास्टिकची नळकांडी. तिच्या तोंडाशी आत वळलेल्या पट्ट्या असतात. भाल्यासकट मासा आत ढकलायचा आणि भाला मागे ओढायचा, मासा आतच अडकतो. त्याच्या १८ काट्यांत विष असतं, म्हणून हात लावायचाच नाही. काटा लागला तर सोसेल इतक्या कढत पाण्यात हात बुडवायचा, उष्णतेने विष निकामी होतं.

पण हे कुणालाही जमणारं काम नाही. नेम चुकला तर भाला प्रवाळावर बसतो. वारंवार शिकार होते तिथले लायनफिश दिवसा कपारीत दडून राहायला शिकतात. मारलेला मासा शार्कला भरवण्याची सवय तर धोक्याची, मग शार्क डायव्हरच्याच मागे लागतात. म्हणून हौशी लोकांनी उतरावं हे मला पटत नाही दादा. शिकवलेल्या माणसांनी, ठरलेल्या जागी, परत परत जावं.

आणि हे वाचून कुणी अंदमान-लक्षद्वीपमध्ये भाला घेऊन जाऊ नका. तिथे तो घरचा मासा आहे.

चिलापी_पुरे:
सागरवाट, तुमचं 'ठरलेल्या जागी, परत परत' मला मान्य. स्पर्धा मात्र मान्य नाही. फ्लोरिडातल्या डेस्टिनला २०१९ मध्ये एका स्पर्धेत १४ हजारांवर मासे मारले. पुढच्या वर्षी त्याच प्रवाळावर कोण गेलं, हे विचारायला हवं. शिवाय मूळ दुखणं टाकीतून सोडलेल्या माशाचं. आपल्याकडे कंटाळा आला की लोक सकर मासा तळ्यात, नदीत सोडून मोकळे होतात. ते थांबवायला एक डायव्हर लागत नाही.

पंचगंगाकाठ (धागाकर्ता):
दार बंद करायलाच हवं. पण घुसलेल्याचं काय? रंकाळ्यातही हेच ऐकतो, आधी सांडपाणी थांबवा मग जलपर्णी काढा. तोवर थांबलो तर त्या हिरव्या थराखाली पाण्यातला प्राणवायू जातो आणि मासे मरतात. जलपर्णीचा धुमारा तुटून पाण्यात राहिला तर त्यातून नवं झाड होतं, हे आम्हाला माहीत आहे. तरी काढतो.

हौशींबद्दल सागरवाट म्हणतात ते बरोबर, प्रशिक्षण हवंच. स्पर्धेवर मात्र मी ठाम आहे, लोक पहिल्यांदा तिथंच येतात.

ऊसकरी_शिरोळ:
मत्स्यालयाच्या दुकानांत जाऊन 'नको असलेला मासा परत घ्या' असं सांगायला कोण कोण येणार ते लिहा. मी येतो.

चिलापी_पुरे:
मी पण. स्पर्धेचं मत बदललेलं नाही.