स्वतःचे लाड करता येतात का?

नौपाडेकर
राम मारुती रस्त्यावरील एका सौंदर्यालयाने ‘या रविवारी स्वतःचे लाड करा’ असा फलक लावला आहे. माझा आक्षेप व्याकरणाचा नसून अर्थाचा आहे. संस्कृत धातुपाठात, म्हणजे क्रियापदांच्या मूळ रूपांच्या यादीत, चुरादिगण या गटात ‘लड उपसेवायाम्’ असा धातू आहे आणि ड व ल यांची अदलाबदल संस्कृतात नेहमीचीच असल्यामुळे लाड, लालन, लळा आणि लडिवाळ हे शब्द एकाच घरातले ठरतात. उपसेवा म्हणजे दुसऱ्याच्या जवळ राहून त्याची मर्जी राखणे. आई मुलाचे लाड करते. सासू अधिक महिन्यात जावयाला ३३ अनारसे देते, तेही लाडच. पैसे मोजून पायांना तेल चोळून घेणे ही चैन आहे, मग सरळ चैन म्हणावे.

ऐरोलीकर
लाड हे मूळ लाट देशाचे, म्हणजे दक्षिण गुजरातचे नाव नव्हे काय? कारंजा लाड, लाड आडनाव इत्यादी.

नौपाडेकर
ते लाड वेगळे. उच्चार जुळला म्हणून कूळ जुळत नाही.

वाशीकर
धातूच्या अर्थाला शब्द जन्मभर बांधलेला असतो, हे मला मान्य नाही. संस्कृतात ‘राग’ म्हणजे रंग किंवा अनुराग. मराठीत आपण त्याचा संताप केला आणि त्यावाचून आपले काही अडले नाही. शिवाय जिभेचे चोचले माणूस स्वतःच पुरवतो. जिभेला जे चालते ते पायांना का चालू नये?

नौपाडेकर
चोचल्यांत नापसंती आहे, म्हणूनच कोणी ‘चोचले पुरवा’ असा फलक लावत नाही. लाडातली ऊब दुकानदाराला हवी आहे आणि ती ऊब येते ती दुसऱ्याने न मागता केल्यामुळे.

कोपरीकर
‘लालयेत् पञ्च वर्षाणि’ असे सुभाषित सांगते. पुढची दहा वर्षे ताडनाची आणि सोळाव्या वर्षी मित्रत्वाची. म्हणजे लाडाची मुदत पाच वर्षे, आणि तीही पुत्राची. मुलीच्या वाट्याला त्यानंतर माहेरपणाचे चार दिवस आणि डोहाळजेवण. डोहाळे पुरवतानाही निम्मे लक्ष पोटातल्या बाळाकडे असते, हे मी माझ्या सासरी नीट पाहिले आहे. २०२४ मध्ये सरकारने दरमहा १५०० रुपयांच्या योजनेला ‘लाडकी बहीण’ हे नाव दिले, तेव्हा देणारा वर आणि घेणारी खाली ही लाडातली पायरी तशीच राहिली. न मागता लाड करणारे कोणी नसेल, तर बाईने स्वतःचे लाड केले म्हणून शब्द विटाळत नाही.

वाशीकर
पायरीबद्दल थोडे वेगळे म्हणतो. बाळकृष्णाला न्हाऊमाखू घालून पाळण्यात जोजवतात, तेव्हा लाड करणारा भक्त खालीच असतो. आणि नौपाडेकर, आपली उपसेवा त्या सौंदर्यालयात अक्षरशः घडते आहे: स्टुलावर बसलेली मुलगी गिऱ्हाइकाची टाच मांडीवर घेऊन घासते आणि पाणी फार गरम नाही ना, असे दोनदा विचारते.

नौपाडेकर
तर मग लाड ती मुलगी करते, गिऱ्हाईक नव्हे. फलकावर ‘लाड करून घ्या’ असे लिहावे. माझी हरकत राहणार नाही.

कोपरीकर
माझी राहील. त्यात पुन्हा दुसऱ्याची वाट पाहणे आले.