शब्दचर्चा : ‘चालू बेरीज’ की ‘एकूण’?

प्रश्न (नाशिकरोड) : अकरावीच्या मुलांना पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवतो. यादीतल्या आकड्यांची बेरीज फॉर लूपने (तेच काम यादीतल्या प्रत्येक आकड्यासाठी पुन्हा करणाऱ्या कोडने) करताना आधी एक व्हेरिएबल, म्हणजे किंमत साठवायची नाव दिलेली जागा, शून्य करून ठेवायचं आणि दर फेरीला त्यात पुढचा आकडा मिळवायचा. या व्हेरिएबलला ‘संचायक’ म्हटलं की वर्ग नुसता बघत राहतो. तोंडी रुळेल असा शब्द सुचवा.

पंचवटी : ‘हातचा’? पोरांच्या ओळखीचा आहे.

सिडको : हातचा नको हो ताई. ८ आणि ७ पंधरा, ५ लिहिले, हातचा १. तो फक्त दशकाच्या घरात जातो. इथे आख्खी बेरीजच पुढे जाते. ‘चालू बेरीज’ म्हणा. लासलगावला कांद्याच्या तीन ट्रॉल्या आल्या, १८, २२ आणि १५ क्विंटल. चालू बेरीज आधी ०, मग १८, मग ४०, मग ५५. ‘एकूण’ हा शब्द ५५ साठीच राखून ठेवा, ४० ला एकूण म्हटलं की गोंधळ झालाच. शून्य करायची ओळ चुकून लूपच्या आत सरकली तर उत्तर १५ येतं, कारण दर ट्रॉलीला मागचं सगळं पुसलं जातं. वर्गात हे मुद्दाम करून दाखवा सर, पोरं विसरत नाहीत.

नाशिकरोड : पटलं. हेच नाव देवनागरीत दिलं तर चालेल?

सिडको : पायथॉन ३ मध्ये चालतं. दोन शब्दांत मोकळी जागा नको, अंडरस्कोर टाका. आकडे मात्र इंग्रजीच. कोडमध्ये नुसतं ५५ लिहिलं की सिंटॅक्स एरर, म्हणजे लिहिण्याचा नियम चुकल्याची तक्रार. गंमत म्हणजे तेच ५५ अवतरणात घालून इंटला (मजकुराचा पूर्णांक करणाऱ्या फंक्शनला) दिलं तर तो निमूट घेतो. आणि व्हेरिएबलचं नाव इंग्रजीत ‘सम’ ठेवू देऊ नका. त्या नावाचं बेरीज करून देणारं तयार फंक्शन आहे, ते झाकलं जातं आणि पुढे वापरायला गेलं की एरर.

पंचवटी : लूपला काय म्हणायचं मग? आवर्तन?

सिडको : लूपच राहू द्या. त्याच्या एका खेपेला ‘फेरी’ म्हणा, झालं.

नाशिकरोड : आणि गुणाकार असेल तर?

सिडको : तेव्हा सुरुवात १ पासून, नाहीतर शेवटपर्यंत शून्यच. ‘चालू गुणाकार’ मात्र माझ्याच कानाला खटकतो, तिथे कुणीतरी दुसरं सुचवा.