छोट्यांची सर्दी आणि औषधाची बाटली : तुमचे अनुभव सांगा

पाऊस लागला की आमच्या बिल्डिंगमध्ये मजल्यामजल्यावर पोरं खोकायला लागतात. मागच्या जुलैत माझा मुलगा पावणेदोन वर्षांचा होता, वजन साडेदहा किलो. ताप चढलेला. नेहमीचं पॅरासिटामॉलचं सिरप संपलं होतं, केमिस्टकडे थेंब मिळाले तेच मी घेऊन आले. सासूबाईंनी रोजच्यासारखं टोपण भरलं, ५ मिली. तेवढ्यात खोक्यातून ड्रॉपर खाली पडला, म्हणून मला शंका आली. ट्यूबलाइटखाली लेबल धरलं : १ मिलीत १०० मिग्रॅ. आमच्या सिरपच्या ५ मिलीत १२५ असायचं. चौपट डोस बाळाच्या ओठाशी गेला होता! चूक त्यांची नव्हती, बाटली बदलल्याचं मीच सांगितलं नव्हतं. आजही आठवलं की पोटात गोळा येतो. तुमच्याकडे असं काही घडलं असेल तर मोकळेपणाने लिहा.

परळ : थोरल्याचं उरलेलं सर्दीचं औषध तीन वर्षांच्या धाकटीला दिलं. दिवसभर गुंगीत होती, हाक मारली तरी डोळे उघडेना. डॉक्टरांनी बाटली पाहिली : क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन. हे मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना द्यायचं नाही, असा सरकारी आदेश डिसेंबर २०२३ मध्येच निघालाय.

गिरगाव, आजी : १९८६ साली जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीनने १४ रुग्ण दगावले, तेव्हापासून मला पातळ औषधाची धास्ती. म्हणून घरचंच बरं वाटायचं. नातीच्या उशाशी कापराची पुरचुंडी ठेवायचे. कापूर तोंडात गेला तर लहान मुलांना झटके येतात, हे सुनेने डॉक्टरांकडूनच ऐकवलं. त्याच दिवशी काढली. मधाचं बोटही वर्षाच्या आत नाही.

विक्रोळी : आमचं व्हिटॅमिन डीचं. एका डॉक्टरांचे थेंब चालू असताना दुसऱ्यांनी कॅल्शियमचं सिरप दिलं, त्यातही डी होतंच. शिवाय नव्या थेंबांत मिलीला ४०० ऐवजी ८०० युनिट. बाळाला उलट्या, शी घट्ट. रक्तात कॅल्शियम वाढलेलं निघालं. आता डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या बाटल्या पिशवीत घालून नेते.

मुलुंड : मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या सिरपने मुलं दगावल्याच्या बातमीनंतर, ऑक्टोबर २०२५ मध्ये, दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्याची औषधं देऊ नयेत अशी केंद्राची सूचना आली. आमची दीड वर्षाची. फक्त नाकात सलाइनचे थेंब आणि अंगावरचं दूध. तीन रात्री खांद्यावर घेऊन फेऱ्या मारल्या. नवव्या दिवशी नाक मोकळं झालं.