लांब वायरने आवाज मरतो म्हणे!

जळगावकर: परवा इथे एकाने लिहिलं, 'दुसऱ्या खोलीत वायर नेली की आवाज मरतो, सरळ ब्लूटूथ घ्या.' राहवलं नाही म्हणून लिहितोय. माझा ॲम्प (ॲम्प्लिफायर) हॉलमध्ये, स्पीकर मागच्या खोलीत, मध्ये 15 मीटर वायर, 9 वर्षं झाली. 1.5 स्क्वेअर एमएमचं निखळ तांबं घ्या. जाऊन-येऊन 30 मीटर, रेझिस्टन्स साधारण 0.4 ओहम. 8 ओहमच्या स्पीकरला अर्धा डेसिबलही पडत नाही. 4 ओहमचा असेल तर 2.5 ची ओढा. वरून तांब्याचा मुलामा, आत ॲल्युमिनियम अशी स्वस्त वायर घेतली तर दोष वायरीच्या लांबीला देऊ नका.

धुळेकर: भो, तुम्ही भलतंच सांगताय. ज्याने ते लिहिलं त्याचा प्लेअर एका खोलीत, ॲम्प दुसरीकडे. तिथे स्पीकरची वायर नाही, आरसीए जाते, प्लेअरचा बारीक सिग्नल ॲम्पपर्यंत नेणारी. मीही 20 मीटर ओढली होती, नुसती घरघर! दोन महिन्यांत उपटून टाकली.

जळगावकर: दोन खोल्या, दोन बोर्ड, दोन्हीकडून अर्थिंग. आरसीएने ती जोडली की फेरा म्हणजे लूप होणारच, तीच घरघर. दोन्ही प्लग एकाच बोर्डावर घ्या.

धुळेकर: माझ्या ओळखीच्याने प्लगची अर्थ पिनच कापली. घरघर गेली.

चोपड्याचा वायरमन: हे वाचून डोकं फिरलं. पिन कापायची नाही! माझ्या चुलत्याला फ्रीजने फेकलंय, अजून हात पूर्ण वर जात नाही. आपल्याकडे अर्थिंग आधीच नावाला. काळी माती मे महिन्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा ठणठणीत कोरडा पडतो, पाइप मातीला धरत नाही. मीठ-कोळसा भरून गेलो की वर्षानुवर्षं कोणी त्यात तांब्याभर पाणी ओतत नाही.

जळगावकर: खड्डा ओला केल्याने लूपची घरघर जात नसते.

वायरमन: घरघर गेली चुलीत, मी जिवाचं बोलतोय! घरघरीसाठी आरसीएच्या मध्ये ऑडिओचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा, तो आवाज पुढे सोडतो आणि आरसीएतून जुळलेला लूप तोडतो, प्लगची अर्थ तशीच राहते.

नंदुरबारची रेकॉर्डवाली: टर्नटेबलचं कोणीच बोलत नाही. कार्ट्रिजमधून, म्हणजे सुई बसवलेल्या भागातून, जेमतेम 5 मिलिव्होल्ट निघतात. हा सिग्नल वाढवणारा फोनो प्रीॲम्प टर्नटेबलशेजारीच हवा, लांब वायर त्याच्या पुढे.

धुळेकर: आज वायर परत ओढली, दोन्ही प्लग एका बोर्डावर घेतले. घरघर निम्मी झाली. निम्मी, दादा. तेव्हा तुमचंही निम्मंच मान्य.

वायरमन: आणि खड्ड्यात पाणी?

धुळेकर: ओतलं. दोन बादल्या प्याला.